चाळीस डेसिबलचे पोतनीस

विश्वनाथ पोतनीस यांनी आयुष्याची सहा वर्षं एका अशा ट्रकचा इन्व्हर्टर थंड ठेवण्यात घालवली आहेत, जो ट्रक जपानमधल्या त्सुकुबातल्या एकाही पार्किंगच्या चौकटीत धड मावत नाही. इलेक्ट्रिक पिकअप, परदेशी गिऱ्हाइकासाठी बनलेला, समोरून पाहिला तर चिडलेल्या म्हशीसारखा दिसणारा. आमची कंपनी त्यातला फक्त एक डबा बनवते. पोतनीस त्या डब्याच्या उष्णतेचे तज्ज्ञ. मी नीलिमा, त्याच विभागात पंखा केव्हा आणि किती वेगाने फिरावा याचा प्रोग्राम लिहिते. म्हणजे पुढे जो गुन्हा घडला त्यातलं हत्यार माझं होतं. ते आधीच कबूल केलेलं बरं.

या डब्याचं काम सोपं आहे. ट्रकच्या बॅटरीतली वीज तो घरातल्या विजेसारखी करून देतो. मागच्या हौद्यात सॉकेट असतात, त्यात ड्रिल लावा, फ्रीज लावा, वेळ आली तर अख्खं घर लावा. पण वीज बदलताना थोडी वाया जाते आणि वाया गेलेल्या विजेची उष्णता होते. ती काढली नाही तर डबा स्वतःला भाजून घेतो. म्हणून त्याच्या पोटाखाली अॅल्युमिनियमची पोकळ पाटी असते, तिच्यातून रंगीत पाणी फिरतं, ते उष्णता उचलून पुढच्या रेडिएटरपर्यंत नेतं आणि तिथे पंखा ती हवेत उडवून देतो. गाडी धावत असली की वारा फुकट मिळतो. पण हा डबा खरा कामाला लागतो तो गाडी उभी असताना. वारा नाही, डोक्यावर ऊन आणि मागे चार जणांनी खुपसलेल्या वायरी. तेव्हा सगळी भिस्त पंख्यावर. पंखा जोरात फिरला की डबा गार, पण आवाज मोठा. हळू फिरला की शांतता, पण डबा तापतो. शास्त्र एवढंच आहे. बाकीचे आमचे पगार.

आता या दोहोंत काय निवडायचं, हा प्रश्न पोतनीसांसारख्या माणसाच्या हाती जायलाच नको होता.

पोतनीस एक्कावन्न वर्षांचे, सडपातळ आणि इतके बिनआवाजाचे की ऑफिसात ते कधी आले हे मला त्यांच्या टेबलावरचा दिवा लागला की कळतं. फ्रीजचं दार ते झोपलेल्या बाळावर पांघरूण घालावं तसं लावतात. राहतात स्टेशनपासून वीस मिनिटांवर एका जुन्या चार मजली इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, तीनशे दोनमध्ये. बायको पद्मिनीताई, चौदा वर्षांची मुलगी ज्ञानदा. या घरात खुर्च्यांच्या पायांत मोजे आहेत. टाच टेकवून चालायला बंदी आहे. मिक्सर फक्त रविवारी अकरा ते बारा. आणि कुकर नाही. मराठी माणसाच्या घरात कुकर नाही म्हणजे काय, ते मी पहिल्यांदा तिथे जेवले तेव्हा कळलं. सात वर्षं त्या घरात डाळ पातेल्यात शिजते आहे. कधी शिजते, कधी नुसतीच भिजते.

"कुकर कुठे गेला?" मी पद्मिनीताईंना विचारलं होतं.

"माळ्यावर," त्या म्हणाल्या. "ह्यांना क्योतो झालंय."

क्योतो झालंय म्हणजे असं. पोतनीसांनी डॉक्टरेट क्योतोला केली. तेव्हा ते असे नव्हते. सकाळी अंघोळ करताना खड्या आवाजात नाट्यगीतं म्हणायचे. घरमालकीण एक दिवस जिन्यात भेटली आणि म्हणाली, "तुमचा आवाज फार छान आहे हो, अगदी रस्त्यापर्यंत ऐकू येतो." पोतनीसांना मूठभर मांस चढलं. परदेशात कोणी तरी आपल्या गळ्याची कदर केली म्हणून ते आणखी तीन महिने, आणखी वरच्या पट्टीत गायले. शेवटी प्रयोगशाळेतल्या एका जपानी मित्राने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की क्योतोत 'छान' म्हणजे 'बंद करा'. तिथे पाहुण्याच्या घड्याळाचं कौतुक केलं तर पाहुण्याने उठायचं असतं. त्या दिवशी पोतनीस शरमेने इतके गार पडले की नंतर त्यांनी अंघोळीच्या वेळी गाणंच काय, बादलीही वाजू दिली नाही. आणि मनाशी एक नियम केला. जपानी माणूस जे बोलेल त्याच्या उलट धरायचं.

हा नियम क्योतोत कदाचित चालत असेल. त्सुकुबा क्योतो नाही. इथली जुनी माणसं आसपासच्या शेतांतली, तोंडाने फटकळ, मनात काही न ठेवणारी. पण पोतनीसांनी क्योतोचा चष्मा उतरवला नाही.

त्यांच्या खाली, दोनशे दोनमध्ये, नेमोतो-सान नावाच्या बाई एकट्या राहतात. वय एकोणऐंशी. शाळांना जेवण पुरवणाऱ्या स्वयंपाकघरात त्यांनी चाळीस वर्षं काढली. पोतनीस मंडळी राहायला आली त्याच महिन्यात त्यांची चिठ्ठी पत्रपेटीत आली. 'रोज सकाळी सात वाजता वरून शिट्टी ऐकू येते. तुमच्याकडे सगळं जोरात चाललेलं दिसतं.'

 पोतनीसांनी ताबडतोब एक जाड, निळ्या काठाचा टॉवेल आणि मिठाईचा खोका घेतला, खाली गेले, दारात कमरेत वाकून माफी मागितली आणि बाई काही बोलायच्या आत वर पळाले. इथे घरदुरुस्ती करायची किंवा आवाजाचं काही काम काढायचं तर आधी शेजाऱ्यांकडे टॉवेल घेऊन जातात, त्रासाबद्दल क्षमा असावी म्हणतात. ती रीत त्यांनी कुकरला लावली. कुकर माळ्यावर गेला.

दोन आठवड्यांनी दुसरी चिठ्ठी आली. 'हल्ली शिट्टी ऐकू येत नाही. घरातले सगळे बरे आहेत ना?'

"अहो, बाई साधं विचारतेय असं वाटतं," पद्मिनीताई म्हणाल्या. त्यांना तेव्हा जपानी फार येत नव्हतं. आता त्या स्टेशनजवळच्या बेकरीत नोकरी करतात आणि गिऱ्हाइकांशी भांडण्याइतपत जपानी बोलतात.

"तुला क्योतो माहीत नाही," पोतनीस म्हणाले. "हा टोमणा आहे. अजून काही तरी ऐकू जातंय."

मग खुर्च्यांना मोजे आले. मिक्सरला वेळ ठरली. ज्ञानदाने हसताना तोंडावर उशी धरायला सुरुवात केली. आणि नवीन वर्षाला एक, ऑगस्टमध्ये एक, शिवाय पाहुणे येऊन गेले की एखादा, असे निळ्या काठाचे टॉवेल खाली जात राहिले. तिसरी चिठ्ठी काही आली नाही. पोतनीसांना वाटलं, आता कुठे आपण या देशात शोभतो.

हाच माणूस ऑफिसात पंख्याच्या वेगाची मर्यादा ठरवायला बसला. एकूण अकरा बैठका झाल्या. मी दहा बैठकांत सांगितलं की उन्हात उभ्या ट्रकला पूर्ण वेग लागेल. ते अकराही बैठकांत म्हणाले, "नीलिमा-सान, ट्रक वस्तीत उभा असेल. शेजाऱ्यांचं काय?" बैठकीतले सगळे मान डोलवायचे, कारण शेजाऱ्यांच्या विरुद्ध बोलायची प्राज्ञा इथे कोणाची नाही. शेवटी 'निवासी मोड' नावाचा प्रकार जन्माला आला. ट्रक वस्तीत उभा असला की पंखा चाळीस डेसिबलच्या वर जाणार नाही. म्हणजे वाचनालयातल्या कुजबुजीइतका. ही मर्यादा उठवायची तर दोन पासवर्ड लागतील, एक माझा, एक त्यांचा. तीही त्यांचीच सूचना. डबा पंच्याऐंशी अंशांना पोचला की सॉकेट बंद करून एक बाई मृदू आवाजात क्षमा मागते. त्या आवाजाची पट्टीसुद्धा पोतनीसांनी दोनदा खाली आणली. मला राग यायचा. पण प्रोग्राम मीच लिहिला, नीटनेटका लिहिला आणि पगार घेतला.

दोन वर्षांपूर्वी नेमोतो-सानना फुप्फुसाचा आजार जडला आणि घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. भिंतीतल्या विजेवर चालणारं, खोलीतली हवा ओढून तिच्यातून ऑक्सिजन वेगळा काढणारं. नळी नाकाला लावून त्या घरात फिरतात. पोतनीसांना हे जिन्यावर कळलं आणि त्यांनी लगेच एक टॉवेल नेऊन दिला.

मग गेल्या सप्टेंबरातलं वादळ आलं. मंगळवारी आलं, झाडं तारांवर आडवी करून गेलं. बुधवारी सकाळी आकाश धुतल्यासारखं निळं, तापमान सदतीस आणि अर्ध्या शहरात वीज नाही. सकाळी आठला पोतनीसांचा मला फोन आला. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता, म्हणजे मला ऐकू आला.

"नेमोतो-सानचा लावलेला सिलिंडर साडेदहापर्यंत पुरेल, मग एकच उरतो. तो दोन तास चालेल. पुरवठा करणाऱ्यांची गाडी पुलापलीकडे अडकली आहे, संध्याकाळी पाचच्या आधी येत नाही म्हणतात. नीलिमा, ट्रक आणता येईल का?"

आमच्या प्रत्येक सादरीकरणात शेवटची स्लाइड हीच असते. वादळ, अंधारलेलं घर, दारात ट्रक, खिडकीत उजेड. सहा वर्षांत हे खरंच करून बघावं असं कोणाला सुचलं नव्हतं. पोतनीसांनी दीड तासात परवानगीच्या कागदावर पाच शिक्के मिळवले. त्यांनी कोणाला न घाबरता केलेली ही पहिली गोष्ट असावी. मी ट्रक चालवत आणला, कारण पोतनीसांकडे लायसन्स आहे, पण ते वापरून त्यांनी आजवर कोणाला त्रास दिलेला नाही.

पार्किंगमध्ये पाटी होती. गाडीचे तोंड इमारतीकडे ठेवावे.

"ही पाटी धुरासाठी आहे," मी म्हणाले. "मागचा धूर झाडांवर, घरांवर जाऊ नये म्हणून. या ट्रकला धूरच नाही. तोंड भिंतीकडे केलं तर रेडिएटरला हवा मिळणार नाही."

"पाटी आहे ना पण," पोतनीस म्हणाले.

मी तोंड भिंतीकडे केलं. रेडिएटरपुढे वीतभर जागा उरली. मागचा भाग रस्त्यात आला म्हणून पोतनीसांनी त्यावर एक माफीची चिठ्ठी चिकटवली.

साडेदहाला वीज सुरू झाली. एक वायर गॅलरीतून दुसऱ्या मजल्यावर, नेमोतो-सानच्या मशीनला. बाकीच्या खालच्या सभागृहात. तिथे दोन फ्रीज, सहा पंखे, भात शिजवायची विजेची भांडी आणि इमारतीतले सगळे फोन. ज्ञानदाला नेमोतो-सानपाशी बसवलं. उरलेला सिलिंडर न वापरता बाजूला ठेवला. पाच वाजेपर्यंत नेमोतो-सानचा श्वास आमच्या डब्यावर होता आणि डब्याचा श्वास चाळीस डेसिबलवर.

मी लॅपटॉप घेऊन ट्रकमध्ये बसले. अकरा वाजता डबा अठ्ठावन्न अंश. साडेअकराला सहासष्ट. पावणेबाराला एकाहत्तर. पंखा कुजबुजत होता, भिंतीला आपटून परत येणारी गरम हवाच पुन्हा आत ओढत होता.

"पोतनीस-सान, मर्यादा उठवू या. पासवर्ड टाका."

"किती आवाज होईल?"

"बहात्तर डेसिबल."

त्यांचा चेहरा पडला. "चारशे तीनमध्ये तान्हं बाळ आहे. दोनशे चारचे काका दुपारचे झोपतात. असं एकदम कसं सुरू करायचं? आधी सगळ्यांना कल्पना द्यायला हवी."

"मग द्या कल्पना. इथे उभं राहून ओरडा."

"ओरडा?" ते म्हणाले. हा पर्याय त्यांच्या यादीतच नव्हता.

ते घरी गेले. कपाटात टॉवेलांचा साठा होताच. पद्मिनीताईंना हाताशी घेऊन त्यांनी चोवीस घरांसाठी चोवीस चिठ्ठ्या लिहिल्या. 'काही वेळ पंख्याचा मोठा आवाज होईल. आपल्याला होणाऱ्या त्रासाबद्दल मनापासून क्षमस्व.' आणि तळमजल्यापासून सुरुवात केली. प्रत्येक दारात ते वाकायचे, समोरचा वाकायचा, ते पुन्हा वाकायचे. समोरचा विजेबद्दल आभार मानायचा, त्या आभारांबद्दल हे क्षमा मागायचे. दाराला तीन मिनिटं.

डबा शहात्तर झाला. मी सभागृहातले पंखे बंद करायला सांगितले, भाताची भांडी काढली. त्याने दोन अंशांचा दिलासा मिळाला, मग पारा पुन्हा चढला. पोतनीसांना फोन केला. तो अर्थातच सायलेंटवर होता. त्र्याऐंशी झाले तेव्हा मी जिना चढत धावले. ते तिसऱ्या मजल्यावर कोणाच्या तरी दारात काटकोनात वाकलेले सापडले.

"त्र्याऐंशी," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता खाली चला."

"अजून चौथा मजला राहिलाय."

"पोतनीस-सान, चौथ्या मजल्याला त्रास झाला तर तो रागावेल. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईला त्रास झाला तर ती मरेल."

हे मी फार मोठ्याने बोलले. दारातले गृहस्थ घाबरून आत गेले. पोतनीसांनी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या सहा टॉवेलांकडे पाहिलं. आणि खाली पार्किंगमधून एका बाईचा मृदू आवाज आला. गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. तो आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचला, कारण तोवर इमारतीत दुसरा कसलाच आवाज उरला नव्हता. सगळं बंद पडलं होतं.

खालच्या गॅलरीतून ज्ञानदा जपानीत ओरडली, "पप्पा, मशीन बंद झालं. आजींनी सिलिंडर लावलाय."

पोतनीस धावले. सात वर्षांत त्या जिन्यावर त्यांची पावलं पहिल्यांदा वाजली. ट्रकमध्ये बसून त्यांनी पासवर्ड टाकला, तो चुकला. पुन्हा टाकला, पुन्हा चुकला. तोंडाने ते स्वतःला मराठीत शिव्या देत होते, त्याही कुजबुजत. तिसऱ्यांदा जमलं. मी माझा टाकला.

पंखा सुरू झाला. खरं सांगते, मलाही धक्का बसला. सहा वर्षांत तो पूर्ण वेगाने आम्ही फक्त बंद खोलीत काचेआडून पाहिला होता. इथे भिंतीवर आपटून तो आवाज चारही मजल्यांवर गेला. सगळ्या गॅलऱ्यांत माणसं आली. पोतनीस ट्रकमधून उतरले आणि एकेका गॅलरीकडे तोंड करून वाकू लागले. चारशे तीनची आई बाळाला ट्रक दाखवायला कठड्याशी घेऊन आली होती. बाळ हात हलवत होतं. दोनशे चारचे काका म्हणाले, "आता कुठे काही तरी काम चालल्यासारखं वाटतंय." पोतनीसांनी त्याचा अर्थ लावायला घेतला, तेवढ्यात मी त्यांना कोपराने ढोसलं.

आता आवाज लपवायचं काही उरलंच नव्हतं, तेव्हा मी पाटीला न विचारता ट्रक बाहेर काढला आणि उलटा लावला. तोंड मोकळ्या रस्त्याकडे. दहा मिनिटांत डबा चौसष्टवर आला. दुपारी सव्वाच्या सुमारास सॉकेट पुन्हा सुरू केले. सभागृहात फ्रीज गुरगुरले, पंखे फिरले. पोतनीसांनी श्वास सोडला.

"पप्पा," ज्ञानदा पुन्हा गॅलरीत होती. "मशीन चालू होत नाहीये. लाल दिवा लागलाय, ओरडतंय नुसतं."

वीज पोचत होती. मी वायर तपासली, ठीक होती. सिलिंडरमध्ये दीड तासाचा ऑक्सिजन राहिला होता आणि पाच वाजायला पावणेचार तास होते.  आम्ही दोघं वर गेलो. सात वर्षांत पोतनीस त्या दाराच्या आत पहिल्यांदाच पाऊल टाकत होते.

नेमोतो-सान खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या, नाकाला नळी, शेजारी सिलिंडर, हातात पुठ्ठ्याचा पंखा. आम्हा सगळ्यांत शांत त्याच होत्या. मशीन मात्र कुठे दिसेना. लांब नळी खोलीतून जाऊन भिंतीतल्या कपाटात शिरत होती. कपाटाचं दार बंद. आतून बारीक, दबलेलं ओरडणं येत होतं.

पोतनीसांनी दार सरकवलं.

आतून गरम हवेचा झोत आला. अंथरुणं ठेवायच्या त्या कपाटात मशीन होतं, पण मशीन दिसत नव्हतं. ते टॉवेलांत गुंडाळलेलं होतं. बाजूंनी, वरून, मागून, दोरीने नीट बांधलेलं, पुढचा लाल दिवा तेवढा उघडा. टॉवेल जाड होते आणि त्यांना निळे काठ होते.



"घरघर फार करतं ते," नेमोतो-सान म्हणाल्या. "तुम्हाला वर त्रास झाला असता."

"मला?"

"तुम्हालाच. तुमच्याकडून कसलाच आवाज येत नाही. पाऊल नाही, खुर्ची नाही, पोरीचं हसणं नाही. आणि वर्षातून दोनतीनदा टॉवेल आणून देता आणि पळता. मी म्हटलं, या माणसाला आवाजाचा फार त्रास होतो, पण तोंडाने सांगत नाही. म्हणून टीव्ही बंद केला. मशीन कपाटात घातलं. तरी ऐकू जाईल म्हणून गुंडाळलं. टॉवेल तुमचेच, चांगले जाड आहेत. मशीन तपासायला माणूस येतो तेव्हा काढून ठेवते, तो रागावतो."

रोज एसी असायचा म्हणून ते निभावलं होतं. त्या दिवशी एसी नव्हता.

पोतनीसांनी वाकून मशीनच्या मागे हात घातला. जिथून हवा आत जायची त्या जाळीवर टॉवेलाच्या तीन घड्या होत्या. "हवा यायला जागाच नाही," ते मराठीत म्हणाले, कोणालाच उद्देशून नाही. मग दोरी सोडली आणि एकेक टॉवेल काढायला लागले. काढायचे, घडी घालायचे, शेजारी ठेवायचे. पंधरा झाले. सहा वर्षं उष्णता बाहेर कशी काढायची याचा अभ्यास करणारा माणूस त्या पंधरा घड्यांसमोर गुडघ्यांवर बसला होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला त्यांची दया आली. आणि त्यांना धरून गदागदा हलवावंसंही वाटलं.

मशीन आम्ही खोलीच्या मध्यभागी आणलं, ज्ञानदा पुठ्ठ्याने वारा घालू लागली. पोतनीसांना विचारवणार नाही हे दिसत होतं म्हणून मीच विचारलं, "नेमोतो-सान, तुम्ही पूर्वी शिट्टीबद्दल चिठ्ठी लिहिली होती ना?"

"दोन लिहिल्या. सात वाजता शिट्टी व्हायची, मी तिच्यावर उठायचे. शाळेच्या स्वयंपाकघरात अशीच वाफ सुटायची. कोणी तरी स्वयंपाकाला लागलंय म्हटलं की बरं वाटायचं. मग ती बंद झाली. वाटलं वरची बाई आजारी पडली की काय. म्हणून विचारलं, तर उत्तरच नाही. पहिल्या चिठ्ठीवर तर हा माणूस मिठाई घेऊन आला होता आणि पळाला होता. मला साखर चालत नाही. म्हटलं, यांना चिठ्ठ्या आवडत नाहीत. सोडून दिलं."

 वीस मिनिटांनी लाल दिवा गेला, हिरवा लागला. मशीन घरघरायला लागलं. त्या घरघरीइतका सुंदर आवाज मी त्या दिवशी दुसरा ऐकला नाही, आणि खाली तर माझा पंखा बहात्तर डेसिबलवर गात होता. पाच वाजून दहा मिनिटांनी सिलिंडरची गाडी आली. वीज दुसऱ्या दिवशी दुपारी आली.

शुक्रवारी पोतनीसांनी ऑफिसात अहवाल लिहिला. आमच्याकडे चूक झाली की पाच वेळा 'का' विचारायची पद्धत आहे. वीज का गेली, डबा तापला म्हणून. डबा का तापला, पंखा हळू होता म्हणून. पंखा हळू का होता, आवाजाची मर्यादा होती म्हणून. मर्यादा का होती, शेजाऱ्यांना त्रास होईल असं वाटलं म्हणून. पाचव्या 'का'पुढे लोक साधारणपणे 'प्रशिक्षणाचा अभाव' लिहितात. पोतनीसांनी लिहिलं, 'शेजाऱ्यांना विचारलं नाही म्हणून.' विभागप्रमुखांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि शिक्का मारला. मर्यादा उठली. बारावी बैठक झाली नाही.

शनिवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेले तेव्हा कुकर माळ्यावरून उतरला होता. त्याची रबराची रिंग सात वर्षांत वाळून गेली होती, पद्मिनीताईंनी नवी मागवून घेतली होती. डाळ शिजली होती. ज्ञानदा मोठ्याने हसत होती आणि पोतनीस दर हसण्याला दचकत होते. मध्येच उठून त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली आणि माझ्यापुढे धरली. ती सकाळी पत्रपेटीत आली होती.

'आज शिट्टी ऐकली. तीन झाल्या.'

"तीन असं का लिहिलं असेल?" पोतनीस हळूच म्हणाले. "जास्त झाल्या असं सुचवायचं असेल का? की दोनच पुरे होत्या?"

पद्मिनीताईंनी कपाळाला हात लावला. मी जिन्याकडे बोट दाखवलं. "खाली जा आणि विचारा. हातात काही नेऊ नका."

ते गेले. पाऊण तास आले नाहीत. आमचं जेवण झालं, त्यांच्या ताटातला भात गार झाला. मग जिन्यावर पावलं वाजली आणि ते आत आले.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

पोतनीस ताटावर बसले, भातावर वरण घेतलं. "म्हणाल्या, तीन झाल्या म्हणून तीन लिहिल्या."